ऐकणाऱ्याचे काम

यहूदाच्या राजघराण्यातल्या बाप-लेकांपुढे देवाचे वचन वाचले गेले, त्या दोन प्रसंगांची नोंद पवित्र शास्त्रात आहे. योशीया राजाच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. शाफान चिटणिसाने तो राजाला वाचून दाखवला. ऐकता ऐकता राजाने अंगावरची वस्त्रे फाडली आणि आता काय करावे हे विचारायला हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसे पाठवली (२ राजे २२). पुढे त्याचा मुलगा यहोयाकीम गादीवर बसला. यिर्मयाने सांगितलेली आणि बारूखाने लिहून घेतलेली गुंडाळी त्याच्यापुढे वाचण्यात आली. थंडीचे दिवस होते. राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसला होता. तीन-चार रकाने वाचून झाले की तो तेवढा भाग चाकूने कापायचा आणि शेगडीत टाकायचा. गुंडाळी संपेपर्यंत त्याने हेच केले (यिर्मया ३६). जाळू नका म्हणून विनवणाऱ्यांत गमऱ्या नावाचा एक सरदार होता. तो त्याच शाफान चिटणिसाचा मुलगा. त्याच्या बापाने वाचले तेव्हा राजाने वस्त्रे फाडली होती. मुलाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या राजाने वचनच फाडले.

यहोयाकीम डुलक्या घेत नव्हता. शेजाऱ्याशी कुजबुजत नव्हता. प्रत्येक रकाना त्याने ऐकला आणि मगच कापला. म्हणजे नुसते लक्ष देऊन बसणे पुरेसे नाही. ऐकण्याला आधीची तयारी लागते आणि नंतरची कृती लागते. आपण मात्र चर्चमधला मधला अर्धा तास तेवढा ऐकण्यात धरतो. तो चांगला गेला तर श्रेय पाळकांना, कंटाळवाणा गेला तर दोषही त्यांनाच! उपदेश करणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे, यात वाद नाही. पण ऐकणाऱ्याचेही एक काम आहे आणि ते शिकता येते. हा लेख त्या कामाविषयी आहे.

आपला चाकू कोणता?

बायबल शेगडीत टाकणारा आपल्यात कुणी नाही. पण उपासनेहून घरी परतताना काय बोलले जाते ते आठवून पाहा. "आज पाळकसाहेबांनी बरं सुनावलं तिला." म्हणजे वचन आले आणि आपण ते पुढच्या बाकावर सरकवले. "हा भाग शंभर वेळा ऐकलाय." म्हणजे ओळखीचा म्हणून सोडून दिला. "ते त्या काळी ठीक होतं." म्हणजे गैरसोयीचा होता तो जुना ठरवला. "काय आवाज आहे हो त्यांचा!" हे तर यहेज्केलाच्या वाट्यालाही आले होते. लोक त्याच्याकडे येऊन बसत आणि गोड गळ्याच्या गवयाला ऐकावे तसे त्याचे ऐकत, पण वागत मात्र मनाला येईल तसे (यहेज्केल ३३).

एखाद्या रविवारी स्वतःला विचारा, की आज ऐकलेल्यातले काय मी दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवले? बहुतेक वेळा नेमके तेच आपल्यासाठी असते.

आज माझी जमीन कोणती?

पेरणाऱ्याचा दाखला मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही दिला आहे. त्यात बी एकच आहे आणि पेरणाराही एकच. फरक आहे तो जमिनीत. हा दाखला वाचताना आपण माणसांचे चार गट पाडतो आणि स्वतःला हळूच चौथ्यात बसवतो. त्यापेक्षा या चार जमिनी आपल्याच मनाच्या चार अवस्था समजून पाहाव्यात. एकाच महिन्यातल्या चार रविवारी त्या चारही अनुभवास येऊ शकतात. अवस्था ओळखता आली तर उपायही सुचतो.

वाटेवरची जमीन रहदारीने घट्ट झालेली असते. आठवडाभर बातम्या, रील, फॉरवर्ड आणि फोन यांची ये-जा चालू असेल, तर रविवारी सकाळी दहा वाजता मन एकाएकी भुसभुशीत होत नाही. अशा वेळी दहा मिनिटे आधी जाऊन नुसते शांत बसावे.

खडकाळ जमिनीत वर मातीचा पातळ थर असतो आणि खाली खडक. अंकुर झटकन येतो आणि उन्हात तितक्याच झटकन करपतो. शिबिरात, पुनरुज्जीवन सभेत किंवा डोळे पाणावणाऱ्या साक्षीनंतर आपण पुष्कळदा असेच असतो. आनंद खरा असतो, पण मुळे नसतात. सोमवार ते शनिवार तेच वचन पुन्हा पुन्हा उघडल्याशिवाय मूळ धरत नाही.

काटेरी जमिनीबद्दल लूक तीन नावे घेतो: चिंता, धन आणि सुखविलास. यातली चिंता कष्टाळू, सज्जन माणसालाही सोडत नाही. मुलाची फी, आईचे ऑपरेशन, घराचा हप्ता. या गोष्टी मनातून हाकलून लावायचा प्रयत्न करू नका, त्या हाकलल्या जात नाहीत. उपासना सुरू होण्याआधी त्या कागदावर लिहा, प्रार्थनेत देवापुढे एकेक करून ठेवा आणि कागदाची घडी खिशात टाका. लिहून ठेवलेली चिंता दर दोन मिनिटांनी आठवण करून देत नाही.

तयारी शनिवारी

कॅथलिक चर्चमध्ये रविवारचे पाठ तीन वर्षांच्या चक्रात ठरलेले आहेत. पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहानाचे शुभवर्तमान विशेषतः पुनरुत्थानकाळात. म्हणजे या रविवारी काय वाचले जाणार हे आधीच कळू शकते. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्येही पाठांची पत्रिका असते. नसेल तर शुक्रवारी पाळकांना एक मेसेज करून शास्त्रभाग विचारा. असा प्रश्न त्यांना क्वचितच कुणी विचारत असेल. त्यांना बरे वाटेल.

शनिवारी रात्री जेवणे आटोपली की तो भाग घरात एकाने मोठ्याने वाचावा. त्यावर चर्चा नको, भाष्य नको. प्रत्येकाने एकच सांगावे, की मला यात काय कळले नाही? "येशूने अंजिराच्या झाडाला शाप का दिला? अंजिरांचा हंगाम तर नव्हता," असे आठवीतल्या मुलाने विचारले आणि तुम्हाला उत्तर आले नाही, तर उत्तमच. उद्या तुम्ही दोघेही कान देऊन ऐकाल. प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला लक्ष द्या म्हणून सांगावे लागत नाही.

शनिवारी आणखी एक गोष्ट करायची असते आणि ती अवघड आहे. ऐकायला चपळ असावे असे सांगतानाच याकोब त्याच दमात बोलायला आणि रागवायला धिमे असावे असेही सांगतो. ज्याच्याशी अबोला आहे तो दोन बाक पुढे बसलेला असला की अर्धा उपदेश त्याच्या पाठीकडे बघण्यात जातो. वेदीवर अर्पण आणलेल्या माणसालाही प्रभूने आधी भावाशी समेट करून यायला सांगितले आहे (मत्तय ५). एका रात्रीत समेट होईलच असे नाही, पण निदान एक फोन करता येतो.

आणि वेळेवर झोपा. त्रोवस गावी पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले. माडीवर पुष्कळ दिवे जळत होते. खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला गाढ झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला (प्रे. कृत्ये २०). लूकने त्याला दोषाचा एक शब्दही लावलेला नाही. देवाने त्याला पुन्हा उभे केले. पण शनिवारी रात्री दीड वाजेपर्यंत सिनेमा पाहणाऱ्याने युतुखाचे उदाहरण पुढे करू नये. तो बिचारा निदान उपदेश ऐकता ऐकता जागला होता.

मंडळीत बसल्यावर

बायबल मोबाईलवर वाचायला हरकत नाही. फक्त फोन फ्लाइट मोडवर टाका. वचनाच्या अगदी मधोमध गॅस सिलिंडरचा मेसेज वर सरकत आला की डोळे तिकडे जातात आणि डोळ्यांमागे मनही जाते. शक्य असेल त्यांनी छापील पवित्र शास्त्रच न्यावे.

पाठ घरी वाचून आला असाल तर चर्चमध्ये तो वाचला जाताना पुस्तक मिटून नुसते ऐकून पाहा. पुस्तकात बोट ठेवून आपण वाचणाऱ्याच्या पुढे धावतो. ऐकताना मात्र त्याच्याच चालीने चालावे लागते. पवित्र शास्त्राचा मोठा भाग मुळात कानांसाठीच होता. कलस्सैच्या मंडळीला पौलाने सांगितले, की हे पत्र तुमच्यात वाचून झाले की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जाईल असे पाहा. रथात बसून यशया वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याचे वाचन फिलिप्पाला धावत जाताना ऐकू आले, कारण तो मोठ्याने वाचत होता. प्रकटीकरणाच्या सुरुवातीलाच वाचून दाखवणारा आणि ऐकणारे या दोघांनाही धन्य म्हटले आहे.

उपदेशाची टिपणे घ्यायची तर मोजकी घ्यावीत. शब्दन् शब्द उतरवणाऱ्याचे हात भरलेले राहतात आणि मन रिकामे. तीन ओळी पुरतात. पहिल्या ओळीत, या शास्त्रभागाचे मुख्य म्हणणे काय. दुसरीत, तो देवाबद्दल काय सांगतो. तिसरीत, मला काय करायला सांगतो. तिसरी ओळ कोरी राहिली तर ती घरी जाऊन भरा.

लहान मुले सोबत असतील तर त्यांना "गप्प बस" एवढेच न सांगता काहीतरी काम द्या. पाठात किती माणसांची नावे आली ते मोजायला लावा, किंवा गोष्टीतले एक दृश्य काढायला सांगा. मूल चित्र काढताना ऐकते. दुपारी त्याला विचारून पाहा, मोठ्यांनी सोडलेले तपशील त्याने टिपलेले असतात.

आणि उपदेश खरोखरच विस्कळीत असला तर? तसे रविवारही येतात. अशा दिवशी वाचला गेलेला शास्त्रभाग उघडा आणि त्याच तीन ओळी स्वतःच्या स्वतः भरा. उपदेशकाने रस्ता सोडला म्हणून तुम्हीही सोडला पाहिजे असे नाही.

जे पाठ वाचतात त्यांच्यासाठी

मंडळीने ऐकावे अशी इच्छा असेल तर वाचनाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. नहेम्याच्या आठव्या अध्यायात सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सगळे लोक पाणीवेशीपुढच्या चौकात जमले. एज्राला उभे राहण्यासाठी लाकडी चौथरा मुद्दाम बनवलेला होता. पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चालले. पुरुष, स्त्रिया आणि समजण्याइतकी मोठी मुले असे सर्वजण ऐकत होते. लेवी लोक स्पष्ट वाचत आणि अर्थ उलगडून सांगत. लोकांना समजले, म्हणूनच त्यांना रडू आले. मग नहेम्याने आणि लेव्यांनी त्यांचे डोळे पुसून, घरी जाऊन गोडधोड खा आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला ताट पाठवा, असे सांगितले.

आपल्याकडे मात्र उपासना सुरू होता होता कुणाला तरी विचारले जाते, "आज जुन्या कराराचा पाठ वाचाल का?" मग नबुखद्नेस्सरापाशी जीभ अडखळते आणि मंडळी हसू दाबते. पाठ वाचणाऱ्याने तो आधी घरी दोनदा मोठ्याने वाचावा, कठीण नावे तोंडात बसवून घ्यावीत, कोण कुणाशी बोलत आहे हे समजून घ्यावे. माईकपासून वीतभर अंतर ठेवावे. पाठ संपल्यावर दोन श्वास थांबून मग जागेवर जावे. एवढ्याने फार फरक पडतो.

पारखून घ्या

मन लावून ऐकणे म्हणजे जे कानी पडेल ते गिळणे नव्हे. बिरुया गावच्या लोकांनी पौलाचे म्हणणे मोठ्या उत्सुकतेने ऐकले, आणि ते तसेच आहे का हे रोज शास्त्रात शोधून पाहिले. लूकने त्यांना त्यासाठी थोर मनाचे म्हटले आहे (प्रे. कृत्ये १७). थेस्सलनीकाकरांना पौल सांगतो, की संदेशांना तुच्छ मानू नका, पण सगळे पारखा आणि चांगले ते धरून ठेवा.

पारखायचे कसे, ते एका ओळखीच्या वचनावर पाहू. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत नव्या वर्षासाठी वचनांची कार्डे वाटण्याची प्रथा अनेक मंडळ्यांत आहे. घरोघरी भिंतीवर वचनांची कॅलेंडरेही असतात. त्यांवर यिर्मया २९ चे अकरावे वचन हमखास सापडते. देवाच्या मनात आपल्या हिताचे बेत आहेत आणि पुढे आशा आहे, असे ते सांगते. नोकरी, लग्न, व्हिसा अशा प्रत्येक गोष्टीसाठी ते म्हटले जाते.

आता तोच अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. हे एक पत्र आहे. यरुशलेमहून बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पाठवले. लवकरच परत जाऊ असे सांगणारे संदेष्टे तिथे होते, त्यांना भुलू नका असे पत्र बजावते. ते म्हणते, की तिथेच घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेले त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. अकराव्याच्या अगदी आधीच्या वचनात सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या पुष्कळ जणांना परतीचा दिवस स्वतःच्या डोळ्यांनी दिसणार नव्हता. एवढे कळल्यावर वचन लहान होत नाही. उलट ज्याचा व्हिसा नाकारला गेला त्यालाही ते आधार देऊ शकते. कार्डावरचे सुटे वाक्य तो आधार देऊ शकत नाही.

नव्या करारातल्या वचनांना आज आपण वापरतो ते आकडे १५५१ साली रॉबेर एतिएन या मुद्रकाने दिले. शोधायला ते फार सोयीचे आहेत, पण विचार तिथे तुटत नाही. म्हणून कोणतेही वचन आवडले की त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचने वाचायची सवय लावून घ्या.

"प्रभूने मला तुमच्याविषयी असं दाखवलं" असे कुणी सांगत आले तर घाई करू नका. शमुवेलाने देवाची हाक एलीची समजून तीनदा धाव घेतली. आज उलटा धोका जास्त आहे, माणसाचीच हाक आपण देवाची समजतो. असे काही कानी आले की चार गोष्टी पाहाव्यात. हे शास्त्राच्या एकंदर शिकवणीशी जुळते का? यामुळे ख्रिस्ताकडे लक्ष जाते की सांगणाऱ्याकडे? यात माझ्याकडून पैसे किंवा आंधळी निष्ठा मागितली जात आहे का? आणि माझ्या मंडळीतली दोन वडीलधारी, समंजस माणसे याला काय म्हणतात? लग्न, घरविक्री, औषध बंद करणे असे निर्णय एका व्यक्तीच्या दर्शनावर कधीच घेऊ नयेत. औषध तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

घरी, एकट्याने

रोजच्या वाचनात किती अध्याय झाले याला महत्त्व देऊ नका. दहा-बारा वचने पुरेत, पण ती मोठ्याने वाचा. मराठी ख्रिस्ती परंपरा कानांवरच वाढली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात 'ख्रिस्तपुराण' छापून घेतले ते ओवीत, आणि ते चर्चमध्ये मोठ्याने वाचले जाई. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी कीर्तनाची वाट धरली. पंडिता रमाबाईंचे लहानपण पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणाऱ्या कुटुंबात गेले होते. साध्या माणसाला ऐकून कळावे म्हणून त्यांनी अखेरच्या वर्षांत संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्यांचे निधन झाल्यावर ते पूर्ण छापून निघाले. आज आपल्याकडे बायबल सोसायटीचे पवित्र शास्त्र आहे आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल'ही आहे. एकच भाग दोन भाषांतरांतून वाचला तर ओळखीमुळे आलेली गुंगी उतरते. ज्यांना आता अक्षर दिसत नाही अशा आजी-आजोबांना नातवंडांनी वाचून दाखवावे. घरात कुणी नसेल तेव्हा ऑडिओ बायबल लावून द्यावे.

वाचल्यावर पुढे प्रार्थना. ती कशी करावी, हा प्रश्न मार्टिन ल्यूथरला त्याच्या न्हाव्याने विचारला होता. पीटर त्याचे नाव. १५३५ साली ल्यूथरने त्याच्यासाठी प्रार्थनेवर एक छोटी पुस्तिका लिहिली. तो म्हणतो, की चांगला न्हावी वस्तऱ्यावरची आणि केसांवरची नजर हटू देत नाही. गप्पांत रमला तर गिऱ्हाईकाचे नाक कापेल. देवाशी बोलतानाही मन असेच एका जागी हवे. त्यासाठी त्याने चार पदर सांगितले: शिकवण, उपकारस्तुती, कबुली आणि मागणी.

खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा घेऊन पाहा. शिकवण: माझ्या शेजाऱ्याचे नाव हीदेखील त्याची मालमत्ता आहे आणि ती राखायची जबाबदारी देवाने माझ्यावरही टाकली आहे. उपकारस्तुती: माझ्याबद्दल अफवा उठली तेव्हा एका माणसाने ती पुढे नेली नाही, त्याच्यासाठी देवाचे आभार. कबुली: मंगळवारी मंडळीच्या ग्रुपवर आलेला स्क्रीनशॉट खरा की खोटा हे न पाहता मी तिघांना पाठवला. मागणी: प्रभू, आज बोट उचलण्याआधी मला थांबव, आणि त्या तिघांना "ते खरं नव्हतं" असे कळवायचे धैर्य दे. दहा मिनिटांत आज्ञा दगडी पाटीवरून आपल्या फोनमध्ये येऊन पोहोचते.

कॅथलिक वाचकांना लेक्सिओ दिविना ठाऊक असेल. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या कार्थुसी साधूने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. ल्यूथरचे पदर आणि ग्विगोच्या पायऱ्या यांतले जे तुम्हाला मानवेल ते घ्या, पण एकच पद्धत काही महिने चालवा. दर आठवड्याला नवी पद्धत धरली तर सगळे लक्ष पद्धतीवरच राहते.

एक वचन, एक काम

याकोब म्हणतो, की ऐकून तसे न करणारा माणूस आरशात तोंड पाहून लगेच आपण कसे दिसतो ते विसरून जाणाऱ्यासारखा आहे. आरशात गालावरची शाई दिसली तर आपण "छान आरसा आहे" म्हणत पुढे जात नाही, गाल पुसतो.

म्हणून टिपणातली ती तिसरी ओळ दोन दिवसांत करता येईल एवढी लहान आणि नेमकी असावी. "मी अधिक प्रेमळ होईन" ही कृती नाही. "कामवाल्या ताईंना या महिन्याचा पगार एक तारखेलाच देईन" ही कृती आहे. "क्षमा करीन" असे नुसते ठरवून भागत नाही. "भावाच्या मुलीच्या बारशाला जाईन" असे ठरवले तर मंगळवारपर्यंत गेलो की नाही ते कळते. नहेम्याच्या काळातले लोकही दुसऱ्याच दिवशी पुन्हा शास्त्र ऐकायला आले. मंडपांचा सण त्यात लिहिलेला त्यांना आढळला आणि त्यांनी डोंगरावर जाऊन जैतुनाच्या नि खजुरीच्या फांद्या आणून मंडप घातले.

रविवारी दुपारच्या जेवणाला पाच मिनिटे यासाठी ठेवा. उपदेशकाच्या चुका काढायच्या नाहीत, एवढा एकच नियम. प्रत्येकाने आपली तिसरी ओळ सांगायची. पुढच्या रविवारी त्याच ताटांवर विचारायचे, झाले का? झाले नसेल तर टोमणा नाही. पुन्हा तीच ओळ.

काहीच ऐकू येत नाही तेव्हा

काही वेळा वचन नुसते छापील अक्षर वाटते. प्रार्थना छताला लागून परत येते. अशा वेळी लगेच "माझा विश्वासच गेला" असा निष्कर्ष काढू नका. एलीया जीव मुठीत घेऊन रानात पळाला आणि मरण मागून झाडाखाली झोपला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. होरेबवरचे संभाषण त्यानंतरचे आहे (१ राजे १९). थकव्याला आधी विश्रांती द्या. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरांशीही बोला. त्यात अविश्वास नाही.

त्या काळात स्तोत्रे वाचावीत. तक्रार करणारी, रडणारी, "किती काळ?" असे विचारणारी स्तोत्रे आपल्यापाशी शब्द नसतात तेव्हा आपल्या वतीने बोलतात. आणि मंडळीत जाणे सोडू नये. तुम्हाला गाता येत नसेल त्या दिवशी शेजारच्या बाकावरची बाई गात असते. पेरणाऱ्याच्या दाखल्याचा उलगडा करताना मत्तय आणि मार्क तीसपट, साठपट, शंभरपट असे हिशेब देतात. लूक तिथे आकडा देत नाही. चांगल्या जमिनीतले पीक धीराने येते, एवढेच सांगतो.

आणि माणसांचे ऐका

दीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाचे ख्रिस्ती सहजीवनावरचे एक पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झाले. त्यात तो बजावतो, की ज्याला भावाचे ऐकून घेता येत नाही त्याला लवकरच देवाचेही ऐकू येईनासे होते. घरोघरी हे तपासून पाहता येते. पत्नीचे वाक्य मध्येच तोडणारा, सुनेने तोंड उघडण्याआधीच उत्तर तयार ठेवणारी, मुलगा बोलत असताना फोन चाळणारा, यांनी बायबलपुढे बसताच अचानक उत्तम श्रोता व्हावे अशी अपेक्षा कशी करायची? कान एकच आहेत, सवयही एकच. यरीहोच्या रस्त्यावर बार्तीमय ओरडत होता तेव्हा गर्दीने त्याला गप्प बसायला सांगितले. प्रभू मात्र थांबला, त्याला बोलावून घेतले, आणि "मी तुझ्यासाठी काय करावे?" असे विचारून त्याचे उत्तर ऐकले. आंधळ्याला काय हवे असणार हे सांगायला ज्ञानी माणूस लागत नाही, तरी त्याने विचारले.

या लेखातले सगळे एकदम करायला घेऊ नका, दोन आठवड्यांत बारगळेल. या शनिवारी रात्री उद्याचा शास्त्रभाग घरात मोठ्याने वाचा आणि प्रत्येकाला, काय कळले नाही, एवढेच विचारा. मग जो बोलेल त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत कुणी मध्ये बोलायचे नाही. सुरुवातीला एवढे पुरे.